संगमरवराच्या रेषा
(लेखमाला : उमलता मेंदू – लेखांक ७)

‘जन्मल्यावर बाळ रडलं नव्हतं.’ बाळ अजून मान धरत नाही म्हणून दवाखान्यात आलेली आई हे वाक्य ओघात बोलून जाते. त्याच्याजवळ आज थोडं थांबू. वारेतून बाळाला प्राणवायू कसा मिळतो, ते मागच्या लेखात पाहिलं. तो पुरवठा तुटला तर मेंदूत काय घडतं?

सगळ्या पेशी तिथल्या तिथे मरत नाहीत. आधी त्यांची ऊर्जा संपते. पेशींबाहेर ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन साचतं आणि त्याच्या माऱ्याने कॅल्शियम आत घुसतं. मग श्वास सुरू होतो, रक्त खेळू लागतं, ऊर्जा बरीचशी सावरते. पण ही सावरलेली स्थिती सुमारे सहा तासच टिकते. त्यानंतर पेशींतले ऊर्जा घडवणारे मायटोकॉन्ड्रिया ढासळू लागतात आणि दुसरी पडझड सुरू होते. ती दोन-तीन दिवस चालते. बाळाला झटके येतात ते बहुधा याच काळात.

घाव कुठे बसणार, हे बाळाच्या वयावर आणि गुदमरण्याच्या प्रकारावर ठरतं. पुऱ्या दिवसांच्या बाळाचा पुरवठा एकाएकी बंद झाला, उदाहरणार्थ नाळ आधी बाहेर येऊन दबली, तर मेंदूच्या गाभ्यातले थॅलॅमस आणि बेसल गँग्लिया पहिले सापडतात. जन्माच्या वेळी सर्वांत जास्त राबणारे भाग तेच असतात. पुरवठा बराच वेळ नुसता अपुरा राहिला, तर पाटाच्या शेवटच्या शेतांसारखी गत होते. दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या टोकांमधला पट्टा कोरडा पडतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात मात्र मायलिन, म्हणजे चेतातंतूंवरचं आवरण, घडवणाऱ्या कोवळ्या पेशी बळी जातात आणि मेंदूतला पांढरा भाग झिजतो.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती यानंतरची गोष्ट. १९११ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ सेसिल फोग्ट यांनी बेसल गँग्लियाच्या एका विकाराला ‘संगमरवरी अवस्था’ असं नाव दिलं. मायलिन रंगवलेल्या कापात करड्या भागावर पांढऱ्या दगडातल्या शिरांसारखं जाळं दिसतं. चेतापेशी मेल्या की त्यांच्या जागी आधार देणाऱ्या तारकापेशी वण धरतात. पुढे मायलिन चढवण्याची वेळ येते, आणि ते काही ठिकाणी चेतातंतूंऐवजी या तारकापेशींच्या फांद्यांवरच चढतं. घर पडलं, पण गवंडी कामावर आला आणि ढिगाऱ्यालाच गिलावा करून गेला! ही नक्षी जन्मानंतर लगेच दिसत नाही. मायलिन चढत जातं तशी ती काही महिन्यांनी उमटते.

सहा तासांनंतरची ती दुसरी पडझड अडवता येते का? बाळाचं शरीर पहिल्या सहा तासांतच थंड करायला घ्यायचं आणि ७२ तास सुमारे ३३.५ अंश सेल्सिअसवर ठेवायचं, हा उपचार श्रीमंत देशांत रुजला. तो आपल्याकडेही जसाच्या तसा लागू पडेल, अशी आशा होती. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरच्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही. उलट थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त झाले. परदेशी औषधाची चिठ्ठी डोळे मिटून उतरवू नये, हे या चाचणीने पक्कं दाखवलं.

हातापायांच्या वेड्यावाकड्या हालचाली, ताठरपणा हेही त्या नक्षीसारखेच उशिरा, कित्येक महिन्यांनी उमगतात. तोवर घरात ‘आमचा बाब्याही उशिराच चालला होता’ अशी समजूत घातली जाते. ती घालू नका. बाळ रडलं नव्हतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं, झटके आले होते, यातलं काहीही घडलं असेल तर प्रसूतीचे कागद जपून ठेवा आणि लसीच्या प्रत्येक खेपेला डॉक्टरांना ते आपणहून दाखवा.