कोळसा इथला, वीज दूरची

कोळशापासून कोणता देश किती वीज काढतो, याचे आलेख शेजारी शेजारी मांडले की वाटा कुठे फुटल्या ते दिसते. कोळशावरचे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र 1882 मध्ये लंडनला सुरू झाले. 2012 मध्येही ब्रिटनची सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. 30 सप्टेंबर 2024 रोजी तिथले शेवटचे केंद्र, रॅटक्लिफ, बंद झाले. अमेरिकेचा आलेख 2007 नंतर उतरला, पण तिथे कोळशाची बरीच जागा नैसर्गिक वायूने घेतली, आणि तोही जीवाश्म इंधनच. चीन आज कोळशापासून उरलेल्या जगाहून अधिक वीज काढतो. भारतात चारातली जवळपास तीन युनिटे कोळशाची आहेत. दरडोई वीजवापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी असलेल्या देशाला ही चढण टाळता आली नसती.

या चढणीचा मोठा भार नागपूरजवळच्या कन्हान परिसराने उचलला. कामठी, इंदर, गोंडेगावच्या खाणी इथल्याच. 1973 चे कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण, 1974 मधला कोराडी वीजकेंद्राचा पहिला संच, 1975 ची वेस्टर्न कोलफील्ड्स (वेकोलि), 1989 पासूनचे खापरखेडा वीजकेंद्राचे 210 मेगावॅटचे संच: तो काळ नुसत्या वाढीचा.

2005 नंतरचे दशक मात्र विसरण्यासारखे नाही. 2005 च्या जूनमध्ये राज्याच्या वीज मंडळाचे विभाजन झाले आणि भारनियमनाने ग्रामीण विदर्भ होरपळला. धुराड्यांच्या टापूतल्या शेतकऱ्यानेही ओलितासाठी रात्री जागायचे आणि इथली वीज उच्चदाब वाहिन्यांवरून दूरच्या शहरांना जायची, हा उघड अन्याय होता. 2011 मध्ये खापरखेड्याला 500 मेगावॅटचा संच आला, कोराडीचे 120 मेगावॅटचे जुने संच निघाले आणि 2015 पासून 660 मेगावॅटचे तीन संच उभे राहिले. जुन्या संचांत कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा वीज होई. नव्यांत हे प्रमाण 40 टक्क्यांच्या जवळ गेले.

राख मात्र इथेच राहिली. देशी कोळशात ती 30 ते 40 टक्के असते. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. राखाडी गाळ शेतांवर पसरला, कोलार नदीत उतरला आणि पुढे कन्हानमध्ये गेला. याच कन्हानचे पाणी नागपूर पिते. डिसेंबर 2015 मध्ये कोळसा वीजकेंद्रांसाठी ठरलेल्या उत्सर्जन निकषांना तर मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली.

देशांच्या तुलनेत युनिटे मोजली जातात, राख मोजली जात नाही. कोराडीत 660 मेगावॅटच्या आणखी दोन संचांसाठी मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. ते उभारण्याआधी साचलेल्या राखेची विल्हेवाट लागली पाहिजे आणि 2015 चे निकष पाळले गेले पाहिजेत.