भलत्या अवयवातलं स्वादुपिंड

पीआरएसएस1 हे जनुक खरं तर स्वादुपिंडाचं. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन ज्यापासून तयार होतं, तो पदार्थ या जनुकावरून बनतो. पण अमेरिकेतल्या जीटेक्स प्रकल्पाच्या आकडेवारीत त्याचा आरएनए, म्हणजे चालू जनुकाची उतरलेली नक्कल, भलत्याच अवयवांच्या नमुन्यांत थोडाथोडा सापडू लागला. काहींत होता, काहींत नव्हता. माणसामाणसांतला नवा फरक हाती लागला, असं कुणालाही वाटावं!

जीटेक्स 2010 मध्ये सुरू झाला, तो काही प्रश्नांची उत्तरं शोधायला. शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकं तीच. मग एखादं जनुक यकृतात जोमाने चालतं आणि मेंदूत गप्प का बसतं? आणि एकाच्या यकृतात जास्त, दुसऱ्याच्या यकृतात कमी, असं का? जिवंत माणसाचं हृदय या कामासाठी कापता येत नाही. म्हणून नमुन्यांसाठी मृतांच्या नातेवाइकांना विचारलं गेलं. 2020 साली 838 दात्यांच्या 49 प्रकारच्या ऊतींच्या 15,201 नमुन्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. ऐन दुःखाच्या घटकेला ज्या घरांनी होकार दिला, त्यांचा विचार केल्यावाचून हे आकडे माझ्याच्याने वाचवत नाहीत.

नमुने असे मृतांचे, म्हणूनच त्यांत फरक दिसला की आधी तो कुणी केला, हे शोधावं लागतं. मृत्यूनंतर ऊती जतन होईपर्यंत किती वेळ गेला, त्यावर आरएनए बदलतो, आणि प्रत्येक अवयवात वेगळा. फुप्फुसाच्या नमुन्यांत तर दाता व्हेंटिलेटरवर होता का, तुकडा श्वासनलिकेच्या फांदीजवळचा आला का, याचेही ठसे उमटतात. हे सगळं संगणकावर एकेक करून वेगळं काढायचं. जैवमाहितीशास्त्रातलं हेच मला सर्वांत मोलाचं काम वाटतं, आणि ते फार चिकाटीचं आहे.

पीआरएसएस1चं कोडं 2020 मध्येच सुटलं. संशोधकांनी जनुकांच्या आकड्यांशेजारी नमुन्यांच्या तारखा ठेवल्या. ज्या दिवशी यंत्रावर स्वादुपिंडाचे नमुने वाचले गेले, त्याच दिवशी वाचलेल्या इतर नमुन्यांत हा आरएनए ठळकपणे आढळत होता. त्यातली काही अक्षरं तर त्या दात्याच्या स्वतःच्या डीएनएशी जुळतच नव्हती. ती दुसऱ्याच कुणाची होती. अशी सरमिसळ सुमारे 40 टक्के नमुन्यांत निघाली. प्रमाण अगदी थोडं, पण तेवढ्यावरून 18 जनुकांचे संबंध भलत्याच अवयवांशी जोडले गेले होते.