Explained: पायांवर सूज का येते? पाणी कमी प्यायल्याने ती उतरते का?

सकाळी सैल वाटणारी चप्पल संध्याकाळी घट्ट होते. मोजे काढले की पोटरीवर वळ उमटलेला दिसतो. अशा वेळी घरात दोन सल्ले हमखास मिळतात: ‘पाणी कमी पी’ किंवा ‘मेडिकलमधून लघवीची गोळी आण’. पहिला बहुतेकदा निरुपयोगी असतो, दुसरा धोक्याचा. सूज हे लक्षण आहे. ती कुठे, कधी आणि किती वेगाने आली, यावर उपाय ठरतो.

पाणी साचते कसे?

बारीक रक्तवाहिन्यांमधून द्रव सतत बाहेर झिरपत असतो. रक्ताचा दाब तो बाहेर ढकलतो, तर रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन पाणी आत धरून ठेवते. बाहेर उरलेला द्रव लसिकावाहिन्या परत रक्तात आणतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९६ मध्ये दाब आणि प्रथिनांचा हा तोल मांडला. तो बिघडला की सूज येते.

तोल कशामुळे बिघडतो?

- दाब वाढणे: तासन्‌तास उभे राहणे, रात्रभराचा बसप्रवास, व्हेरिकोज व्हेन्स, हृदयाची ताकद कमी होणे.
- अल्ब्युमिन घटणे: ते यकृतात तयार होते. यकृत बिघडले किंवा मूत्रपिंडातून ते लघवीवाटे जाऊ लागले, तर सूज येते. मूत्रपिंडाच्या आजारात सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसू शकते.
- वाट अडणे: हत्तीरोगात लसिकावाहिन्या निकामी होतात. विदर्भातील काही जिल्ह्यांत हा आजार आढळतो.
- औषधे: रक्तदाबावरील अम्लोडिपिन, स्टिरॉइड, तसेच आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या.

घरी कसे तपासाल?

नडगीवर अंगठा ५ ते १० सेकंद दाबून ठेवा. खड्डा पडून तो हळूहळू भरत असेल, तर तिथे द्रव साचला आहे.

मग पाणी कमी करायचे का?

निरोगी मूत्रपिंड जादा पाणी लघवीवाटे बाहेर टाकते. शरीरात पाणी अडवून ठेवते ते मुख्यतः मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा मीठ खावे. त्यात पापड, लोणचे, फरसाण आणि वेफर्समधले मीठही आले. सैंधव मीठही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.

लघवीची गोळी स्वतःहून का घेऊ नये?

फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्यांनी पाण्यासोबत सोडियम-पोटॅशियमही बाहेर जाते. पोटॅशियम फार घटले तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. शिवाय शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर ही गोळी तिच्यावर उपाय नाही. गोळीच्या नादात निदानाचा वेळ मात्र जातो.

साध्या सुजेवर काय करता येईल?

- झोपून पाय उशांवर, हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवा.
- बसून काम असेल तर अधूनमधून उठून चाला, घोटे वर-खाली हलवा. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतले रक्त वर ढकलले जाते.
- घट्ट वैद्यकीय मोजे डॉक्टरांना विचारूनच वापरा. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर ते अपायकारक ठरतात.
- गोळीमुळे सूज आल्याची शंका असेल, तरी ती परस्पर बंद करू नका. डॉक्टर पर्याय देऊ शकतात.

ताबडतोब दवाखाना कधी गाठावा?

- एकाच पायाला अचानक सूज, वेदना किंवा लाली असेल.
- सुजेसोबत धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा आडवे झाल्यावर श्वास कोंडत असेल.
- गरोदरपणात चेहरा-हात अचानक सुजले, तीव्र डोके दुखले किंवा अंधुक दिसू लागले.
- लघवी कमी किंवा फेसाळ होऊ लागली.
- हृदयरुग्णाचे वजन २-३ दिवसांत सुमारे २ किलोने वाढले. इतक्या झपाट्याने वाढलेले वजन चरबीचे नसते, पाण्याचे असते.