आपल्या उसाची नोंद कोणाच्या यंत्रावर?



ऊसनोंद, तोडणीचा प्रोग्राम, काट्यावरचे वजन, सोसायटीची कपात आणि शेवटी बिल ही सारी साखळी आता वहीतून संगणकात गेली आहे. हे काम करणारे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांची तीन प्रश्नांवर प्रतवारी करतात. कारखानाही त्यांचे गिऱ्हाईकच. तेव्हा आपण कोणत्या रांगेत बसतो, हे सभासदाला ठाऊक हवे.

पहिला प्रश्न : गिऱ्हाईक आले कसे? थेट कंपनीकडे, विक्रेत्यामार्फत, की योजनेतून? बंगळूरची 'टॅली' प्रामुख्याने विक्रेत्यांमार्फत दुकानोदुकानी पोचली. विकास सोसायट्यांचे तसे नाही. केंद्राने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. तिथे सामायिक सॉफ्टवेअर योजनेतूनच मिळते. मधे विक्रेता असेल, तर अडचणीला धावून कोण येणार हे करारात लिहून घ्यावे.

दुसरा : माहिती ठेवली कुठे? कारखान्याच्या यंत्रावर असेल, तर ती स्वतःची विहीर. पाणी आपले, पण मोटार जळाली तर खर्चही आपलाच. भाड्याच्या यंत्रावर देखभालीची कटकट कमी, पण भाडे थकले की पाणी बंद! ॲमेझॉनने २००६ साली अशी यंत्रे भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये मुंबई भागात केंद्र काढले.

तिसरा : मांडणी कशी? प्रत्येकाला वेगळी प्रत, की सगळ्यांत मिळून एकच? एकच असेल तर ती उपसा योजनाच समजा. पाइपलाइन एक, चेंबर ज्याचा त्याचा. १९९९ साली अमेरिकेत निघालेल्या 'सेल्सफोर्स'ने ही रीत गाजवली. सुधारणा सर्वांना एकदम मिळते, खर्च वाटला जातो. मात्र आपल्या कारखान्यापुरता बदल मागितला तर मिळेलच असे नाही.

यात आपले काय अडते? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बिलासाठी १४ दिवसांची मुदत घातली. पुढे उशिराला वर्षाला १५ टक्के व्याज. ऐन गळितात करार संपला आणि वजनाच्या नोंदी परक्या यंत्रात अडकल्या, तर बिल काढायचे कशावरून?

म्हणून वार्षिक सभेत साखरेच्या उताऱ्याबरोबर हेही विचारा : करार संपला तर आमच्या नोंदी किती दिवसांत, कोणत्या स्वरूपात परत मिळतील? उत्तर लेखी घ्या. आणि काट्याची पावती मात्र जपून ठेवा; ती आपल्याच घरात असते!