कोला उकळा, पार्टी जमवा!

'हाटकेश? म्हणजे मीरा रोडला उतरून पुन्हा रिक्षा? सॉरी बॉस, नेक्स्ट टाइम!'

अंधेरीत नोकरी आणि हाटकेशला घर असलं की हे वाक्य पाठ होतं. ईएमआय जमला, वन-बीएचके सजलं, पण मित्रमंडळी काही लोकल पकडेनात. शेवटी आम्ही ठरवलं, बार्बेक्यूचं आमिष दाखवायचं. पण गच्चीला सोसायटीचं कुलूप, आणि बंद फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी पेटवणं म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. तेव्हा शेगडी विसरा. बार्बेक्यूची अर्धी जादू सॉसमध्ये असते आणि तो घरी होतो, चक्क कोल्ड्रिंकपासून!

दचकू नका. कोका-कोलाचा जन्म १८८६चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटामधला. तिकडे हॅम भाजताना कोला ओतणं नवलाचं नाही. लॉजिक सोपं आहे. या सॉसला गोड, आंबट आणि मसालेदार अशी तिन्ही अंगं लागतात. कोलामध्ये साखर असते, आंबटपणाला फॉस्फोरिक अॅसिड असतं, मसाल्याचा वासही असतो. आपल्याकडे थम्स अप आहेच. १९७७मध्ये कोका-कोला भारतातून गेल्यावर आलेलं आणि १९९३मध्ये त्याच कंपनीने विकत घेतलेलं. त्याची तिखटसर चव इथे फिट्ट बसते.

आता कामाला लागा. अर्धा लिटर कोला पसरट भांड्यात उकळून निम्मा करा. दुसरीकडे चमचाभर तेलात एक बारीक चिरलेला कांदा आणि सहा पाकळ्या लसूण परता. त्यात आटवलेला कोला, एक कप टोमॅटो केचप, दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक चमचा काश्मिरी मिरची पूड आणि थोडी मिरपूड घाला. मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ढवळत राहा. चमच्याच्या पाठीला चिकटला की सॉस तयार. मीठ शेवटी, चव बघूनच. केचपमध्ये ते असतंच. शेजारच्या जैन मैत्रिणीसाठी कांदा-लसणाऐवजी हिंग घाला आणि सॉस पनीरला लावा.

धुराचा वास हवाय? खिडक्या उघडा, सॉसच्या भांड्यात छोटी वाटी ठेवा, तीत एकच रसरशीत निखारा, वर तुपाचे दोन थेंब आणि पाच मिनिटं झाकण. आजीची धुरी, दुसरं काय!

एक कबुली. पहिल्या वेळी आम्ही शहाणपणा करून डाएट कोला आणला. अर्धा तास ढवळूनही सॉस पाण्यासारखा पातळ, चवीला आंबटढाण, आणि पाहुणे मीरा रोड स्टेशनवर! साखरच नाही तर पाक कसा होणार? वर त्यातल्या अॅस्पार्टेमची गोडी उष्णतेने विरते. म्हणून डाएटचा नाद नको. मात्र नेहमीच्या अर्ध्या लिटर कोलामध्ये पन्नास ग्रॅमहून जास्त साखर असते, तेव्हा सॉस लावायचा, प्यायचा नाही.

याच साखरेमुळे तो पटकन करपतो. चिकन आधी तव्यावर पूर्ण शिजवा, सॉस शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच लावा. कच्च्या चिकनला लागलेला ब्रश पुन्हा बरणीत बुडवू नका. काचेच्या स्वच्छ बरणीत, फ्रिजमध्ये, आठवडाभर टिकतो.

टिकला तर! गेल्या रविवारी सहा जण आले. जाताना 'फार लांब राहता यार' असं कुणी म्हणालंच नाही. विचारलं ते एवढंच, 'पुढचा रविवार फ्री आहात ना?'