कार्डावरचे सगळे टीके झाले, तरी फ्लूची लस राहिलेलीच असते

कळंब : पाऊस लागला की घरोघरी लेकरांची सर्दी, ताप, खोकला सुरू होतो. 'सगळे टीके झाले, मग फ्लू कसा?' असा प्रश्न पालकांना पडतो. कारण साधं आहे. अंगणवाडीत, उपकेंद्रात मिळणाऱ्या मोफत लसींत फ्लूची लस नाही.

नावामुळेही घोळ होतो. कार्डावरच्या पेंटाव्हॅलेंट लसीत 'हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी' हे नाव असतं. पण तो जिवाणू आहे. फ्लू विषाणूमुळे होतो. २००९ मध्ये पुण्यात १४ वर्षांच्या मुलीचा जीव घेणारा स्वाइन फ्लू हा त्याचाच एक प्रकार.

दरवर्षी कशाला?
हा विषाणू रूप बदलत राहतो. म्हणून लसही बदलावी लागते. मागच्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही.

कधी आणि किती?
लेकरू ६ महिन्यांचं झाल्यावर लस देता येते. ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत ती दरवर्षी द्यावी, असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. ९ वर्षांखालच्या लेकराला पहिल्यांदा देताना ४ आठवड्यांच्या अंतराने २ डोस लागतात, पुढे वर्षाला १. असर यायला साधारण २ आठवडे जातात. म्हणून पेरणीची धांदल सुरू होण्याआधीच हे काम उरकलेलं बरं.

खर्चाचं काय?
लस खासगी दवाखान्यात मिळते आणि एका डोसला हजाराच्या वर पैसे जातात. मजुरीवर चालणाऱ्या घराला हे जड आहे. त्यामुळे दमा, हृदयाचा आजार किंवा सिकलसेल असलेल्या लेकरांचा विचार आधी करावा. अशा लेकरांना फ्लू जास्त बाधतो. ६ महिन्यांखालच्या बाळाला लस चालत नाही. आईने गरोदरपणात घेतली तर बाळालाही संरक्षण मिळतं. त्यासाठी सरकारी दवाखान्यात साठा आहे का, हे आशाताईंना विचारावं.

हे लक्षात ठेवा
या लसीने साधी सर्दी थांबत नाही, पण फ्लूने गंभीर होण्याचा धोका कमी होतो. तापात लेकराला ॲस्पिरिन देऊ नका. श्वास जोरात चालणं, छाती आत ओढली जाणं, ओठ निळे पडणं, दूध-पाणी सोडणं, यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.