पेनहोल्डवाल्यांनो, रबर बदलताय?

दोस्तांनो, टेबल टेनिसची बॅट पेनासारखी धरून खेळता ना? मग हे वाचाच. फिरकी देताना चेंडू घसरतोय, रबराच्या कडा झडतायत? आता रबर बदला. त्यासाठी अख्खी बॅट टाकू नका, सुटं रबर मिळतं.

मात्र ‘सगळ्यात महागच हवं’ असा हट्ट नको बरं का! पेनहोल्डमध्ये बॅटचा भार बोटांवर आणि मनगटावर येतो. स्पंज जाड असला की वेग वाढतो, पण वजनही वाढतं आणि चेंडूवरचा ताबा सुटतो. शिकणाऱ्यांना दीड ते १.८ मिलिमीटरचा स्पंज पुरे. ‘फ्रेंडशिप ७२९’सारखी चिनी रबरं स्वस्तात काम भागवतात.

एकाच बाजूने खेळता? मग रबरही एकच घ्या. दक्षिण कोरियाचा र्‍यू सुंग-मिन २००४ साली अथेन्सला असाच खेळून ऑलिम्पिक विजेता झाला! फक्त उघड्या बाजूने चेंडू मारू नका, गुण समोरच्याला मिळेल.

पालकांनो, मुलं स्पर्धेत उतरणार असतील तर रबरावर ‘आयटीटीएफ’चा शिक्का बघून घ्या. चिकटवायला पाण्याचा अंश असलेला, खास रबराचा गोंद आणा. मुठीजवळ अंगठा आणि तर्जनीपुरती जागा मोकळी सोडा.

खेळ संपला की रबर ओलसर फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका. वाचलेल्या पैशांत चेंडू घ्या आणि भरपूर सराव करा!